बडोद्याच्या सहल आयोजकांना खुलं पत्र: समुद्राची तयारी इथेच करून घ्या

बडोद्यातून दिवाळीच्या सुट्टीत मालवण-तारकर्ली, गोवा, द्वारका आणि अंदमानला कुटुंबांचे गट नेणाऱ्या सर्व मंडळींस,

स.न.वि.वि.

यंदाची तुमची पत्रकं नवरात्र बसायच्या आधीच दांडियाबाजारात फिरू लागली. व्हॉट्सअ‍ॅपवर तर एकच पत्रक चार-चार गटांतून आलं. सगळ्यांवर एक ओळ ठळक अक्षरांत आहे: ‘स्कूबा डायव्हिंग व स्नॉर्केलिंग समाविष्ट’, म्हणजे पाठीवर हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणं आणि मास्क-नळी लावून पाण्यावर तरंगत खाली बघणं. वरच्या ओळीत सकाळचा चहा-नाश्ता, खालच्या ओळीत पाण्याची बाटली, आणि मधोमध अख्खा समुद्र. त्या एका ओळीसाठी हे पत्र आहे.

मी बडोद्यात बायकांना पोहायला शिकवते. बहुतेक जणी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, आयुष्यात पहिल्यांदा गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहणाऱ्या. त्यांच्यातल्या कितीतरी तुमच्या सहलीहून परत आल्यावर माझ्याकडे येतात, आणि बोलणं साधारण सारखंच असतं: “ताई, समुद्रात उतरले खरी, पण दिसलं काहीच नाही. सगळा वेळ घाबरण्यात गेला.” फोटो मिळालेला असतो, व्हिडिओही मिळालेला असतो. त्यात डोळे गच्च मिटलेले असतात.

मागणं एवढंच आहे की समुद्रात उतरायची तयारी बडोद्यातच करून घ्या, आणि तिथे नेल्यावर माणसांना पाण्यात पुरेसा वेळ द्या. पुढचं सगळं पत्र त्यामागच्या कारणांचं आहे.

मालवणला काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही त्याच होडीत असता. सकाळी हॉटेलात पुरी-भाजी आणि वर श्रीखंड, कारण ‘आपल्या लोकांना भरपेट लागतं’. तासाभरात होडी हलायला लागते आणि पहिली उलटी होते. मग कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, पाठीवर टाकी, नाक मास्कमध्ये बंद, तोंडात रबरी तुकडा. सूचना दोन मिनिटांत, इंजिनाच्या आवाजात, हिंदीतून. अंगठा आणि तर्जनी जुळवून गोल केला तर ‘ठीक आहे’. अंगठा वर केला तर ‘मला वर न्या’. आपला माणूस खाली जातो, पहिला मासा दिसतो, आणि तो खुशीत येऊन अंगठा वर करतो. गाईड बिचारा नियमाप्रमाणे त्याला वर घेऊन येतो. मग होडीत अर्धा तास वाद, की आमचे पैसे बुडाले. चूक कुणाचीच नाही. दोन खुणा शिकायला वेळ मिळाला नाही, एवढंच.

पाण्याखाली तोंडाने श्वास घेणं वाटतं तितकं सोपं नाही. जन्मभर आपण नाकाने श्वास घेतो, आणि प्राणायामाच्या वर्गाला जाणाऱ्यांची ही सवय तर आणखी पक्की असते. मास्कमध्ये चमचाभर पाणी शिरलं की नाक आपसूक ओढून घेतं, ठसका लागतो, आणि माणूस पहिलं काय करतो तर तोंडातला रेग्युलेटर काढतो. म्हणजे ज्यातून हवा येते आहे तेच फेकून देतो. आमच्या बॅचला रावपुऱ्यातल्या एक निवृत्त बाई आहेत. त्यांच्याकडून मी छातीइतक्या पाण्यात हे करून घेतलं. गुडघे वाकवून डोकं पाण्याखाली न्यायचं, मास्कची खालची कड जरा उचलून मुद्दाम पाणी आत घ्यायचं, मग वरची कड कपाळावर दाबून, मान किंचित वर करून नाकाने जोरात उच्छ्वास सोडायचा. पाणी खालून निघून जातं. पहिल्या दिवशी त्यांनी मला यथेच्छ शिव्या घातल्या. दुसऱ्या रविवारी त्या स्वतःच मास्क भरत होत्या आणि रिकामा करत होत्या, पोरीसारख्या, आणि बाकीच्यांना बोलावून दाखवत होत्या. त्यांचे यजमान काठावर उभे राहून हसत होते. त्यांना उतरवलं तर त्यांचा मास्क थांबेच ना, कारण मिशा. दाट मिशांवर मास्कची रबरी कड नीट बसत नाही आणि पाणी झिरपत राहतं. हे त्यांना बडोद्यात कळलं म्हणून बरं. भर समुद्रात कळलं असतं तर त्यांनी होडीवाल्यालाच धारेवर धरलं असतं.

चष्म्याचंही तसंच. मास्कच्या आत चष्मा मावत नाही. नंबराच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, पण आठवडाभर आधी सांगावं लागतं. तुमच्या गटात निम्मे लोक चष्मेवाले. त्यांना खाली नेऊन धूसर हिरवं पाणी दाखवायचं आणि वर आल्यावर विचारायचं, “काका, कसं वाटलं?” काका सभ्य म्हणून ‘छान’ म्हणतात.

आता कानांचं. पाण्यात १० मीटर खाली गेलं की दाब वरच्यापेक्षा दुप्पट होतो. कानाच्या पडद्यामागची हवा आक्रसते आणि पडदा आत ओढला जातो. म्हणून खाली जाताना दर थोड्या अंतरावर नाक चिमटीत धरून हलकेच हवा कानांकडे ढकलायची, आणि दुखायच्या आधी ढकलायची, दुखल्यावर नाही. सर्दीने नाक चोंदलेलं असेल तर हे जमतच नाही. दिवाळीत फटाक्यांचा धूर, फराळाचं तेलकट आणि रात्रीची जागरणं झालेल्या आपल्या माणसांपैकी किती जणांचं नाक मोकळं असतं, तुम्हीच सांगा. सर्दी झालेल्याने त्या दिवशी टाकी लावून उतरू नये, एवढं जरी बसमध्ये माईकवरून सांगितलंत तरी काही कान वाचतील. दुसरा नियम याहून मोठा: टाकीतली हवा घेत असताना श्वास कधीही रोखून धरायचा नाही. वर येताना दाब कमी होतो तशी फुप्फुसातली हवा फुगते, आणि पृष्ठभागाजवळच ती सर्वांत झपाट्याने फुगते. त्यामुळे ‘आम्ही कुठे खोल गेलो, दोन मीटर तर होतं’ हे म्हणणं फुप्फुसाला लागू पडत नाही. नुसतं पोहणाऱ्याला आम्ही श्वास रोखायला शिकवतो, टाकी लावलेल्याला नेमकं उलटं शिकवावं लागतं. चांगलं पोहणाऱ्यांना हे जास्त जड जातं.

आणि तो फॉर्म. दमा आहे का, हृदयविकार, फिट्स, कानाचं ऑपरेशन, गर्भारपण, रक्तदाबाच्या गोळ्या. इंग्रजीत छापलेला असतो, किनाऱ्यावर हातात येतो, आणि रांगेत मागचा माणूस ढकलत असतो. एका सहलीत आमच्या मॅनेजरनेच सगळ्यांचे फॉर्म भरून टाकले होते, प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’. त्यात रक्तदाबवाले होते, स्टेंट बसवलेले एक गृहस्थही होते. काही झालं नाही, हे नशीब. नाव घेत नाही, कारण हे एकट्या त्यांचं नाही, रीतच पडून गेली आहे. तोच फॉर्म मराठीत आणि गुजरातीत करून निघायच्या दहा दिवस आधी घरी पाठवा. लोकांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारू दे. ज्यांना नाही उतरायचं ते घरीच ठरवतील. किनाऱ्यावर सगळ्यांसमोर ‘मला नको’ म्हणायला लाज वाटते, आणि लाजेपोटी माणसं उतरतात.

सुरक्षिततेबद्दल बडोदेकरांना वेगळं सांगायला लागू नये. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तळ्यात शाळेच्या सहलीची होडी उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि बहुतेकांच्या अंगात लाईफ जॅकेट नव्हतं. ते तळं आपल्या घराजवळचं होतं, पाणी संथ होतं. तारकर्लीला २४ मे २०२२ रोजी स्कूबा करून परत येणारी होडी किनाऱ्याजवळ उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. दोन्हींनंतर चौकशा झाल्या, नियम निघाले. पण होडीत पाय ठेवताना ‘ही किती माणसांची आहे?’ हा प्रश्न विचारायला चौकशी लागत नाही. तो प्रश्न तुम्ही विचारायचा, कारण पैसे तुम्ही देता आणि पुढच्या महिन्यात पुन्हा चाळीस माणसं घेऊन तुम्हीच येणार असता. एकट्या प्रवाशाचं कोण ऐकतं? तुमचं ऐकतात. जॅकेट अंगात घालून बंद बांधल्याशिवाय आमचा गट होडीत बसणार नाही, एवढं ठामपणे म्हणा, आणि ‘फोटोपुरतं काढू द्या ना’ म्हणणाऱ्या आपल्याच माणसांनाही तेच सांगा. दुसरं अवघड आहे, मला कल्पना आहे.

पावाचा विषय काढल्याशिवाय राहवत नाही. पाण्याखाली व्हिडिओ काढताना माशांची गर्दी दिसावी म्हणून पाव कुस्करून सोडतात. काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे तुटून पडतात, व्हिडिओ झकास येतो. काही आयोजक तर ब्रेडची पाकिटं इथूनच भरून नेतात, ठेपल्यांच्या डब्याशेजारी. अहो, आपण विश्वामित्रीच्या काठी राहतो. पावसाळ्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर येते, आणि तरी तिला कुणी पाव टाकत नाही. वनखात्याला फोन करतो, लांब उभे राहतो, ती जाईपर्यंत वाट बघतो. जंगली जनावराशी कसं वागायचं हे या गावाला इतकं ठाऊक असताना समुद्रात उतरल्यावर सगळं कसं विसरतो? मासा पाळीव नाही. पावाने त्याचं पोट भरतं पण पोषण होत नाही. खडकावरचं शेवाळ खाऊन प्रवाळांना जागा मोकळी ठेवणारे मासे पावाच्या मागे लागले की शेवाळ माजतं. दांडगट जातीचे मासे वाढतात, बुजरे निघून जातात. आणि जिथे रोज पाव मिळतो तिथले मासे माणसाची बोटं चावून बघतात. मग पर्यटक म्हणतो, मासे फार आक्रमक आहेत हो इकडचे.

आपल्याच गुजरातच्या कोळ्यांनी याहून कितीतरी अवघड गोष्ट केली आहे. वेरावळच्या किनाऱ्यावर एके काळी देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, यकृताच्या तेलासाठी आणि मांसासाठी मारली जायची. जगातला सर्वांत मोठा मासा, आणि खातो काय तर पाण्यातून गाळून घेतलेले बारीक जीव. २००१ मध्ये तिला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं. त्यानंतरच्या मोहिमेत तिला ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, असं नाव दिलं गेलं, आणि मच्छीमार जाळ्यात अडकलेल्या देवमुशीला स्वतःचं जाळं कापून सोडू लागले. जाळं म्हणजे त्यांचं पोट. ते कापणारी माणसं याच राज्यात आहेत. आपल्याला फक्त ब्रेडचं पाकीट घरी ठेवायचं आहे.

प्रवाळावर उभं राहायचं नाही, हे स्नॉर्केलिंगवाल्यांना दहादा सांगावं लागतं, कारण ते बघायला दगडासारखं असतं. दमलेला माणूस दगड दिसला की त्यावर पाय टेकणारच. त्याला कुणी सांगितलेलं नसतं की हा दगड जिवंत आहे. हजारो बारीक जीव चुन्याच्या सांगाड्यात शेजारी शेजारी बसलेले असतात आणि त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. ते शैवाल उन्हात अन्न तयार करतं आणि बहुतेक रंगही त्याच्यामुळेच. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंश-दीड अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की प्रवाळ त्या शैवालाला बाहेर काढतो आणि पांढरा पडतो. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभर चौथ्यांदा अशी पांढरं पडण्याची लाट आल्याचं जाहीर केलं, आणि त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपचे प्रवाळही पांढरे पडले. त्या वर्षाच्या सुरुवातीला पंतप्रधानांचे तिथले स्नॉर्केलिंगचे फोटो आल्यावर तुमच्यापैकी काहींनी लक्षद्वीपच्या चौकशा सुरू केल्या होत्या, आठवत असेल. घुमटासारखे गोल प्रवाळ वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात, कधी त्याहूनही कमी. आधीच तापून बेजार झालेल्या या जीवावर आपण नायलॉनचे बूट घालून उभे राहतो, सेल्फीसाठी. तो तुटला तर त्याचा तुकडा ‘आठवण’ म्हणून पिशवीत घालू नये, ही विनंती नसून कायदा आहे. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. बडोद्याच्या शोकेसमध्ये तो तुकडा नंतर धूळ खातो, एवढाच त्याचा उपयोग.

सनस्क्रीनबद्दलही लिहायचं होतं. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही रसायनं असलेली मलमं अमेरिकेतल्या हवाई राज्याने प्रवाळांच्या काळजीपोटी २०२१ पासून विकायची बंद केली. आपल्याकडे पूर्ण बाह्यांचा सुती-नायलॉन टी-शर्ट हा सोपा उपाय आहे. पाठ भाजत नाही आणि बायकांची पोहण्याच्या कपड्यांची अडचणही सुटते. पुढे जाते.

पत्रकांवरच्या फोटोंबद्दल थोडं कडू बोलते. मालवणच्या सहलीच्या पत्रकावर निळंशार, काचेसारखं पाणी आणि जांभळे-केशरी प्रवाळ छापता, तो फोटो मालवणचा नसतो. मालवणचं पाणी हिरवट असतं, पावसाळ्यानंतर लगेच गढूळ, हिवाळ्यात हळूहळू निवळतं. कधी हातभर, तर कधी दोन-चार मीटरपर्यंतचंच दिसतं, हेही तिथे होतं. लाल रंग तर पाण्यात काही मीटर खाली गेलं की दिसेनासाच होतो, तिथल्या कुठल्याही कॅमेऱ्याचा तो दोष नाही. माणसं फोटो बघून जातात आणि हिरमुसतात. खरं काय आहे ते सांगा की. शिवाजी महाराजांनी १६६४ मध्ये ज्याची पायाभरणी केली त्या सिंधुदुर्गाच्या तटाखालचा खडक हा १९८७ मध्ये घोषित झालेल्या मालवण सागरी अभयारण्याचा गाभा आहे. सगळं अभयारण्य मिळून २९ चौरस किलोमीटर आणि गाभा तीन चौरस किलोमीटरच्या थोडा वर. म्हणजे तुम्ही ज्या ठिकाणी होडी उभी करता ती अभयारण्याच्या आतली जागा आहे. ताडोबात जीपमधून उतरून वाघाला बिस्किट देता का? मराठी माणसाला सिंधुदुर्ग म्हटलं की डोळ्यांत पाणी येतं. त्याच किल्ल्याच्या पायथ्याशी साळूंसारखे काटे असलेली समुद्री अर्चिन, फुलपाखरू मासे, खडकाच्या सापटीतून डोकावणारे खेकडे आहेत, हे सांगितलंत तर गढूळ पाण्यातही माणूस नीट बघेल. कोकण किनाऱ्यावर कूबडवाले डॉल्फिनही दिसतात. त्यांच्या मागे होड्या पळवून त्यांना कोंडू नका. इंजिन मंद करून थांबलं की ते स्वतःच जवळून जातात, निदान जायची शक्यता तरी राहते.

अंदमानवाल्यांसाठी एक गोष्ट, आणि ही फार कळकळीने सांगते. तुमच्या कार्यक्रमात शेवटच्या दिवशी सकाळी स्कूबा आणि दुपारचं विमान असतं. हे बंद करा. पाण्याखाली दाबाने रक्तात आणि शरीरात मुरलेला नायट्रोजन वर आल्यावर हळूहळू निघून जावा लागतो. विमानात हवेचा दाब कमी असतो, आणि उरलेल्या नायट्रोजनचे शरीरात बुडबुडे होऊ शकतात. त्यामुळे एक साधी डुबकी मारल्यावरही किमान १२ तास, आणि लागोपाठ डुबक्या मारल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसू नये, असं डायव्हिंगच्या वैद्यकीय संस्था सांगतात. स्वराज द्वीपचा (पूर्वीच्या हॅवलॉकचा) दिवस आधी घ्या आणि सेल्युलर जेल शेवटी ठेवा, इतकं साधं आहे. बाकी वंडूरच्या सागरी राष्ट्रीय उद्यानात जॉली बॉय बेटावर जाताना प्लास्टिक नेऊ देत नाहीत, तिथे आपली माणसं कुरकुर करतात. करू दे. तिथे स्नॉर्केलिंग करताना नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा क्लाउनफिश समुद्रफुलाच्या (सी अ‍ॅनिमोन या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या) तंतूंत दिसला तर गटाला सांगा की त्या घरातली सर्वांत मोठी ती मादी असते आणि कारभार तिचाच. ती गेली की तिचा नर काही काळात मादी होतो आणि कारभार हातात घेतो. आमच्या बॅचच्या बायकांना ही माहिती अतोनात आवडली. यजमानांना सांगावी की नाही यावर मात्र एकमत झालं नाही.

आणि आता आपल्या घरच्या समुद्राबद्दल, जो तुमच्या एकाही पत्रकावर नाही. द्वारका असते, पण दर्शनापुरती. द्वारका, बेट द्वारका आणि ओखा मिळून जो ओखामंडळ, तो बडोदा संस्थानाचा मुलूख होता. सयाजीराव महाराजांच्या काळात संस्थानाने जेम्स हॉर्नेल या समुद्री जीवांच्या अभ्यासकाकडून ओखामंडळच्या समुद्रातल्या जीवसृष्टीची पाहणी करून घेतली, आणि त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ मध्ये दोन भागांत छापला. विचार करा, समुद्रापासून इतक्या लांबच्या राजधानीत बसून राजाने स्पंज, प्रवाळ, गोगलगायी मोजून घेतल्या. कमाटीबागेतल्या म्युझियममध्ये निळ्या देवमाशाचा सांगाडा आहे, तो आपण सगळ्यांनी लहानपणी मान वर करून पाहिला आहे. समुद्राबद्दलचं कुतूहल या गावाला नवं नाही. सहलीत ते कुठे हरवलं, हे मला समजत नाही.

जामनगरजवळ कच्छच्या आखातात देशातलं पहिलं सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, १९८२ पासूनचं. त्यातलं नरारा हे ठिकाण म्हणजे पाण्याची भीती असणाऱ्यांसाठी वरदान. तिथे पोहायचं नाही, टाकी लावायची नाही. ओहोटीला समुद्र मागे हटतो आणि प्रवाळांच्या खडकांमधून घोट्याइतक्या पाण्यात चालत जाता येतं. डबक्यांमध्ये समुद्रफुलं, समुद्रकाकड्या, तारामासे, रंग बदलणारा ऑक्टोपस. वनखात्याची परवानगी लागते आणि गाईड सोबत घ्यावा. तारीख ठरवायला तुम्हाला कुठल्या अ‍ॅपचीही गरज नाही, स्वयंपाकघरातलं पंचांग पुरे. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी सर्वांत लांब जातं. मात्र जाड तळाचे बूट हवेत, पाय वाळूत टाकायचा आणि प्रवाळावर नाही, आणि फुगा मासा हातात धरून फुगवून दाखवायचा प्रकार गाईडने केला तर त्याला हसून थांबवायचं. मासा जिवाच्या भीतीने फुगतो. आजी-आजोबा, लहान मुलं, गुडघेदुखीवाले, रक्तदाबवाले, ज्यांना तुम्ही तारकर्लीला होडीत नुसते बसवून ठेवता, त्या सगळ्यांना इथे समुद्रातले जीव हातभर अंतरावरून बघता येतात. बडोद्याहून एका रात्रीचा प्रवास. द्वारकेच्या सहलीत अर्धा दिवस जोडला की झालं.

पैशांचा प्रश्न येईल, मला ठाऊक आहे. ‘ताई, वेळ वाढवला तर दर वाढतो, आणि शेजारच्याचं पत्रक स्वस्त दिसतं.’ खरं आहे. पण तुमच्या मालवणच्या तीन दिवसांत पॉइंट किती असतात ते मोजा. देवबागचा संगम, रॉक गार्डन, किल्ला, बाजार, काजू-कोकमाची दुकानं दोनदा. त्यातलं एक दुकान काढलं तरी एक सकाळ मोकळी होते. त्या सकाळी पहिल्यांदा फक्त किनाऱ्याजवळ मास्क आणि नळी लावून तरंगू द्या. पोटावर झोपून, तोंड पाण्यात, हात सैल. ज्याला तरंगत श्वास घेता आला, त्यालाच टाकी द्या. पैसे भरले म्हणून सगळ्यांना एकाच सकाळी खाली घातलंच पाहिजे असा काही शास्त्रार्थ नाही. ज्यांनी टाकी घेतली नाही त्यांना तेवढे पैसे परत द्या, कुरकुर न करता. हे एक वाक्य पत्रकावर छापलंत तर बायका तुमच्याकडेच बुकिंग करतील, माझं ऐका.

बडोद्यातल्या तयारीचं काम मी करायला तयार आहे. निघायच्या आधीचे दोन रविवार, सकाळची बॅच सुटल्यावरचा तास. पुरुषांसाठी वेगळी व्यवस्था करणारे माझ्या ओळखीचे प्रशिक्षक आहेत. मास्क आणि नळ्या माझ्याकडे आहेत, नंबराच्या काचांचे दोनेक मास्कही आहेत. मानधन नको. तुमच्याकडून एवढंच हवं: गटाची यादी पंधरा दिवस आधी, प्रत्येकाचा चष्म्याचा नंबर, पोहता येतं की नाही हे खरं खरं, आणि सहलीच्या व्यवस्थापकाने स्वतः पाण्यात उतरायची तयारी. काठावर उभं राहून मोबाईलवर बोलणारा व्यवस्थापक नको. ज्यांना मिशा आहेत त्यांनी त्या काढायच्या की ठेवायच्या हे घरी ठरवून यावं.

कळावे. लोभ आहेच, तो वाढावा.

आपली,
बायकांच्या बॅचची ताई,
बडोदे